नैरोबीत उतरायचं कुठे?

परवा भाचीचा फोन आला. डिसेंबरात ती, जावई, मुलं, दोघी नणंदा आणि त्यांची मंडळी असे नऊजण केनियाला निघालेत. टूरवाल्यानं कार्यक्रम छापून दिलाय. पहिली रात्र नैरोबीत विमानतळाजवळच्या हॉटेलात, मग तीन रात्री मसाई मारा, एक रात्र नाकुरूचं तळं, शेवटची रात्र पुन्हा त्याच हॉटेलात, आणि पहाटे विमान. "मावशी, तू राहून आली आहेस. नैरोबीत आणखी एखादा दिवस काढावा म्हणतोय, पण सेफ एरिया कुठला ते सांग. दादा म्हणतो, पार्कलँड्स नाहीतर वेस्टलँड्स सोडून कुठे उतरू नका, आणि गावात तर पाऊलही टाकू नका."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, माझा भाचा. अकरा वर्षं नैरोबीत आहे.

मी फोनवर जरा तडकून बोलले. ती बिचारी गप्प झाली. म्हणून आता शांतपणे लिहायला बसलेय. (फार शांतपणे जमेल असं वाटत नाही.) भाचा हे वाचणार आहे, हे मला ठाऊक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मी चौदा दिवस नैरोबीत होते, त्यातले दहा दिवस त्यानं आणि सूनबाईनं मला फुलासारखं जपलं. तरीही लिहितेय, कारण हा सल्ला त्याच्या एकट्याचा नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे, आणि तो चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. नैरोबीला जाणार असाल तर नैरोबीत राहा. निदान तीन रात्री राहा, जिथून पायी बाहेर पडता येईल अशा ठिकाणी राहा, आणि कुठे राहायचं हे ठरवताना ज्या नकाशावर बोट ठेवताय तो नकाशा कुणी काढला, एवढं एकदा विचारा.

आधी त्या एका रात्रीबद्दल. समजा, केनियातून पाहुणे आले. सहारच्या विमानतळाजवळ एक रात्र झोपले, नागपूरचं विमान पकडून ताडोबाला गेले, वाघ पाहिला, त्याच वाटेनं परत गेले आणि घरी जाऊन सांगितलं, "महाराष्ट्र पाहिला. छान आहे. माणसं? माणसं काही दिसली नाहीत बुवा." आपण काय म्हणू त्यांना? मग आपण तरी दुसरं काय करतो! आणि वर सोसायटीत सांगतो, "आफ्रिका झाली." चोपन्न देशांचा खंड सहा रात्रीत "झाला".

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. 'विषुववृत्तीय प्रदेश: हवा उष्ण व दमट, घनदाट अरण्ये' असं फळ्यावर लिहून दिलं आणि पोरांनी ते पाठ केलं. नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सव्वा अंशावर आहे, आणि तिथे फेब्रुवारीतल्या संध्याकाळी मी स्वेटर घालून बसले होते! कारण शहर सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकावर चढून उभं राहिलं तरी नैरोबीत रस्त्यानं चालणारा माणूस आपल्यापेक्षा वरच. फळ्यावरचं ते वाक्य ज्यांना ज्यांना दिलं, त्या सगळ्या पोरांची इथे माफी मागून टाकते.

हे गाव सव्वाशे वर्षांपूर्वी गाव नव्हतंच. मसाई लोकांची गुरं पाण्यावर यायची ती दलदलीची जागा. नैरोबी हे नावसुद्धा त्यांच्या भाषेतल्या 'थंड पाणी' या अर्थाच्या शब्दांवरून आलेलं. १८९९ मध्ये मोंबासाहून येणारे रूळ इथवर पोचले, पुढचा चढ चढण्याआधी सामान ठेवायला तंबू आणि गोदामं उभी राहिली, त्याचं झालं शहर. ते रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, त्यातले बरेचसे पंजाबातले. जवळपास अडीच हजार तिथेच मेले. आज जी नैरोबी आपण 'त्या लोकांची' म्हणून दुरून पाहतो, तिच्या पायात आपली हाडं आहेत.

आणि वाढतंय किती! १९६९ च्या शिरगणतीत वस्ती पाच लाखांच्या आसपास होती. २००९ मध्ये ३१ लाख. २०१९ मध्ये जवळजवळ ४४ लाख. दहा वर्षांत साडेबारा लाख माणसं वाढली. जिकडे पाहावं तिकडे क्रेन. २०२२ साली तर २७ किलोमीटरचा एक पथकर भरायचा रस्ता झाला. बराचसा खांबांवरून जातो, विमानतळाकडून निघतो आणि शहराच्या डोक्यावरून थेट वेस्टलँड्सला उतरवतो. भाच्यानं मला त्याच रस्त्यानं नेलं. खाली बाजार, शाळेतून सुटलेली पोरं, मटाटू नावाच्या रंगीबेरंगी खाजगी बसगाड्या, सगळं चाललेलं, आणि आम्ही वरून, काचा बंद. पाहुण्यानं शहराला शिवूच नये अशी पक्की सोय! रस्ता चांगला आहे, वेळ वाचतो, हे खरं. पण पुलावरून गेलेल्या माणसानं नदीत पोहून आल्याचं सांगू नये.

आता त्या 'सेफ' शब्दाकडे येते.

भाच्याची सोसायटी पार्कलँड्समध्ये. भिंतीवर विजेच्या तारा, फाटकावर दोन रखवालदार (तिकडे त्यांना अस्कारी म्हणतात), आत बाग, जिम, पोहायचा तलाव. दहा दिवसांत मी फाटकाबाहेर पायी एकदाही गेले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलासुद्धा गाडी. जे भेटले ते सगळे आपलेच, गुजराती, पंजाबी, कच्छी, दोन मराठी कुटुंबं. प्रत्येकानं मला एकच नकाशा सांगितला: पश्चिम आणि उत्तर ठीक, मध्यभागी गरज असेल तरच, पूर्वेकडे बघायचंसुद्धा नाही.

हा नकाशा आपल्या लोकांनी अनुभवातून बनवलाय असं मला वाटत होतं. पण तो इंग्रजांचा आहे. पश्चिमेची उंच, थंड, झाडीची, तांबड्या मातीची जमीन गोऱ्यांना. बाजार आणि त्याला लागून असलेला पट्टा हिंदी लोकांना. आणि पूर्वेची सखल जमीन आफ्रिकी मजुरांना, तीही शहरात काम असेल तोवरच. पूर्वेकडची माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखी काळी, चिकट. कापसाला उत्तम, घराला वाईट. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, पाणी तुंबतं. आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' नावाचा ओळखीचा कागद डबीत घालून गळ्यात अडकवून फिरावं लागे. स्वतःच्या देशात! १९३१ साली शहराच्या मध्यभागी एक देखणं वाचनालय उघडलं, मॅकमिलन लायब्ररी, दारात दोन दगडी सिंह. १९५८ पर्यंत त्यात फक्त गोऱ्यांना प्रवेश. त्या पायऱ्यांवर शिक्षकी पेशातली बाई म्हणून मला जे वाटलं ते लिहीत नाही.

राज्य १९६३ साली गेलं. नकाशा राहिला. आज पश्चिमेला कातडीचा रंग विचारत नाहीत, भाडं विचारतात, इतकाच फरक. २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये मोठे पूर आले तेव्हा नदीकाठच्या माथारेसारख्या झोपडवस्त्या बुडाल्या, आणि नंतर सरकारनं काठावरची घरं पाडली तीही त्यांचीच. 'कुठे राहायचं' हा प्रश्न आपल्याला सहलीच्या कागदावर पडतो. त्या माणसांना तो रोज पडतो. आणि आपण, ज्यांच्या पूर्वजांना त्याच इंग्रजांनी डोंगराळ भागातली सुपीक शेतजमीन विकत घ्यायला मनाई केली होती, ते आपण आज तोच नकाशा पाहुण्यांच्या हातात ठेवतो. 'सेफ एरिया' असं नवं नाव देऊन.

मी काही वेगळी होते असं नाही. तिसऱ्या दिवशीची गोष्ट. भाच्याच्या शेजारीणबाईंबरोबर लिफ्टनं खाली येत होते. सोबत अस्कारी होता, माझी पिशवी घेऊन. बाई हिंदीत सांगत होत्या, या लोकांवर विश्वास टाकायचा नाही, कपाटाला कुलूप, पर्सला कुलूप. आणि मी, मान डोलावून, हिंदीतच म्हणाले, "हो ना, चेहऱ्यावरून काही कळतच नाही यांच्या." लिफ्ट थांबली. अस्कारीनं दार धरलं आणि मला म्हणाला, "मामा, संभालके, नीचे पानी है." स्वच्छ हिंदीत. (स्वाहिलीत मामा म्हणजे आई.) वीस वर्षं हिंदी लोकांच्या इमारतींवर काम केलेला माणूस. प्रत्येक शब्द कळला होता त्याला. आणि तरी माझा पाय घसरू नये ही काळजी त्याला होती. वर्गात पोरांना 'सारे भारतीय माझे बांधव' म्हणवून घेताना सीमारेषेपाशी बंधुभाव संपतो असं मी कधी शिकवलं नव्हतं. पण शिकले मात्र तसंच होते, हे त्या लिफ्टमध्ये कळलं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भाचा म्हणेल मावशी एकतर्फी बोलते. आपल्या माणसांची भीती हवेतून आलेली नाही. १९७२ मध्ये शेजारच्या युगांडातून इदी अमीननं हिंदी लोकांना हाकललं. १ ऑगस्ट १९८२ ला केनियात बंडाचा प्रयत्न झाला तेव्हा नैरोबीत हिंदी लोकांची दुकानं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. ज्या घरांनी ते पाहिलं त्यांनी भिंत उंच केली तर मी पुण्यात बसून त्यांना नावं ठेवणार नाही. चोऱ्यामाऱ्याही होतात. या शहराला 'नैरॉबरी' असं टोपणनाव पडलं ते उगाच नाही.

पण मग सगळा हिशेब मांडा की. २१ सप्टेंबर २०१३ ला अतिरेक्यांनी वेस्टगेट मॉलवर हल्ला केला, ६७ माणसं गेली. तो मॉल कुठे? वेस्टलँड्समध्ये. जानेवारी २०१९ मध्ये रिव्हरसाइडवरच्या हॉटेल-ऑफिसांच्या संकुलात २१ जणांना मारलं. तेही याच श्रीमंत अंगाला. (१९९८ चा अमेरिकी वकिलातीवरचा बॉम्ब मात्र शहराच्या मध्यभागी होता, दोनशेवर माणसं मेली, हे सांगायलाच हवं.) म्हणजे काय? भिंतीमुळे खिसेकापू थांबतो. मोठं संकट भिंत बघून येत नाही, कधी कधी तर भिंत बघूनच येतं. तेव्हा सुरक्षितता हवी असेल तर खुशाल घ्या, पण तिची किंमत काय मोजताय तेही बघा. मी दहा दिवस संपूर्ण सुरक्षित होते आणि दहा दिवसांत एकाही केनियन माणसाशी दोन वाक्यांच्या वर बोलले नव्हते.

अकराव्या दिवशी मी म्हटलं, मला चार दिवस गावात राहायचंय. घरात जे रामायण झालं ते विचारू नका. "लोक म्हणतील, मावशीला घराबाहेर काढलं!" हा भाच्याचा मुख्य मुद्दा. सूनबाई मात्र माझ्या बाजूनं उभी राहिली. (तिला स्वतःलाच यायचं होतं, असं मला मागाहून कळलं.) शेवटी विद्यापीठाच्या अंगाला, झाडीतलं एक साधं अतिथिगृह शोधलं. लोखंडी कॉट, स्वच्छ चादर, गरम पाणी, सकाळचा नाश्ता. रखवालदार तिथेही होताच, पण फाटक दिवसा उघडं.

तिथून मी चालले. पंचाहत्तरीतली बाई, हातात कापडी पिशवी, पायात बूट. कुणी मला ओढलं नाही, लुटलं नाही. रस्ता ओलांडताना दोनदा अनोळखी पोरींनी हात धरला. नैरोबीतले असंख्य लोक रोज कामाला पायी जातात, मैलोन्मैल, म्हणून त्या शहरात चालणारा माणूस वेडा दिसत नाही. उलट गाडीत बसून काचेतून बघणाराच वेगळा दिसतो.

खाण्याचं काय, आपण शाकाहारी! हा पुढचा आक्षेप. मंडळी, दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर (तिला किबांडा म्हणतात) मी चपाती आणि न्देंगू खाल्लं. न्देंगू म्हणजे मुगाची उसळ. दुसऱ्या दिवशी गिथेरी, म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. सुकुमा विकी नावाची पालेभाजी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा. शेजारी काचुंबारी, नाव ऐकूनच कळेल की कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. त्यांच्या भाषेत पैशाला पेसा, गाडीला गारी, लाखाला लाकी, विम्याला बिमा आणि रंगाला रांगी. पार्कलँड्सच्या स्वयंपाकघरात डब्यातून नेलेलं मेतकूट खाताना मला आफ्रिका फार लांब वाटत होती. त्या टपरीवरच्या बाकावर ती अगदी शेजारच्या गल्लीत आली. एवढंच, की पोळी आणि उसळ गरम, समोर शिजलेली घ्या आणि पाणी बाटलीचं प्या. हे नियम आपण कोल्हापुरातही पाळतोच.

अतिथिगृहापासून थोड्याच अंतरावर जीवनजी गार्डन्स. कराचीहून आलेल्या ए. एम. जीवनजी या बोहरी व्यापाऱ्यानं १९०६ साली ही बाग गावाला दिली. १९९१ मध्ये तिथे मोठी इमारत उठवायचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांची नात झरीना पटेल लढली आणि शहरातले लोक तिच्या पाठीशी उभे राहिले. बाग वाचली. दुपारी तिथे कामगार जेवायला टेकतात, कुणी प्रवचन देतो, आणि एका झाडाखाली 'बुंगे ला म्वानांची' म्हणजे सामान्य माणसाची संसद भरते. कुणीही उठावं, बोलावं. महागाई, निवडणूक, कर. मी पाऊण तास बाकावर बसून ऐकलं. अर्धं इंग्रजीत होतं म्हणून कळलं. शेवटी एक म्हातारेबाबा माझ्याजवळ आले. हिंदुस्थानातून आले म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, "ही बाग तुमच्या माणसानं आम्हाला दिली. पण तुमची माणसं इथे कधी बसत नाहीत. का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. 'सेफ नाही म्हणून' असं त्यांच्या तोंडावर सांगून बघा, मग कळेल त्या उत्तराची चव.

शेवटच्या दिवशी भाचा न्यायला आला. मी म्हटलं, घरी नंतर, आधी सिटी पार्क. ही बाग पार्कलँड्समध्येच, त्याच्या सोसायटीपासून गाडीनं दहा मिनिटं. अकरा वर्षांत तो आत गेला नव्हता. त्या बागेला लागून एक जुनी दफनभूमी आहे आणि तिथे पिओ गामा पिंटो आहेत.

हे नाव मलाही तिथे गेल्यावरच कळलं, म्हणून सांगते. आईबाप गोव्याचे, जन्म नैरोबीचा, १९२७ चा. शिक्षणासाठी गोव्यात आणि धारवाडला, मग मुंबईत नोकरी. पोर्तुगीजांविरुद्धच्या गोव्याच्या लढ्यात पडले, अटकेची वेळ आली तेव्हा १९४९ मध्ये केनियाला परतले. तिथे इंग्रजांविरुद्ध. १९५४ मध्ये इंग्रजांनी पकडलं आणि कित्येक वर्षं डांबलं. देश स्वतंत्र झाल्यावर खासदार झाले आणि गोरगरिबांना जमीन मिळाली पाहिजे म्हणून आपल्याच सरकारशी भांडू लागले. २४ फेब्रुवारी १९६५ ला त्यांना गोळ्या घातल्या. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, स्वतःच्या घराच्या फाटकाशी, लहान मुलगी गाडीत बसलेली असताना. घर कुठे होतं? वेस्टलँड्समध्ये. मी गेले त्याच महिन्यात त्याला साठ वर्षं होत होती.

जवळच जोसेफ मुरुंबी आहेत. वडील गोव्याचे, आई मसाई, शाळा हिंदुस्थानात. १९६६ मध्ये केनियाचे उपाध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पदावरून उतरले. पिंटो त्यांचे जिवलग. १९९० मध्ये मुरुंबी गेले तेव्हा या मित्राच्या जवळच त्यांना जागा मिळाली.

काखेत कळसा म्हणतात ते हेच. आपण गोव्याच्या मुक्तीची भाषणं ऐकत मोठे झालो, त्या लढ्यातला एक माणूस केनियासाठी मेला, आणि त्याच्यापासून दहा मिनिटांवर अकरा वर्षं राहणाऱ्या आपल्या मुलाला त्याचं नाव ठाऊक नाही. त्यात भाच्याचा दोष नाही. भिंतीच्या आत ही माहिती येत नाही, इतकंच. २०१७ मध्ये केनिया सरकारनं तिथल्या हिंदी वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. म्हणजे त्यांनी म्हटलं, तुम्ही आमचे. आता आपण काय म्हणायचं हे आपल्याकडे आहे.

तर भाचीबाई, आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर.

विमानतळाजवळचं हॉटेल फक्त मध्यरात्री उतरणार असाल तरच. कॅरन आणि गिगिरी सुंदर आहेत, पण गावापासून लांब, तिथे राहिलात तर गाडीशिवाय हलणार नाही. मला विचारशील तर विद्यापीठ आणि स्टेट हाउस रोडच्या अंगाला राहा. संग्रहालय, जीवनजी गार्डन्स, नॅशनल अर्काइव्ह्ज, सगळं पायी. मुलांना गजबज आणि जरा सोयी हव्या असतील तर किलिमानी किंवा हर्लिंगम, तिथे मध्यमवर्गीय केनियन कुटुंबं राहतात. पार्कलँड्समध्ये दादाकडे उतरलात तरी हरकत नाही, पण मग फाटकाबाहेर पायी पडायचं, ही अट. रिव्हर रोडच्या स्वस्त लॉजमध्ये राहा असं मी म्हणत नाही. मी हट्टी आहे, वेडी नाही.

पथ्यं साधी. वर्षभर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार पटकन पडतो, त्याच्या आत मुक्कामावर या. रात्री बाहेर जायचं तर मोबाइलवरून टॅक्सी बोलवा. रस्त्यात फोन हातात मिरवू नका, सोनं घरी ठेवा. मोर्चा असेल त्या दिवशी मध्यभागी जाऊ नका. २५ जून २०२४ ला करवाढीविरुद्ध तरुण मुलं थेट संसदेत घुसली, गोळीबारात माणसं मेली, तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस टोचून घ्या, नाहीतर परत आल्यावर आपलेच अधिकारी वेगळं ठेवतील. आणि साठीच्या पुढच्यांनी ती लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये.

सिंह पाहायला पाच तास लांब गेलंच पाहिजे असंही नाही. शहराला चिकटून ११७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ पासूनचं. सिंह, गेंडे, जिराफ, आणि मागे उंच इमारतींची रांग. सकाळी सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाला परत. मारा जरूर करा, ते सोडा असं म्हणणार नाही. पण त्यातली एक रात्र काढून गावाला द्या.

टूरवाला कुरकुर करेल. करू दे. त्याचा धंदा आहे, आपला प्रवास आहे.

असो. फोनवर तडकले त्याबद्दल रागावू नकोस. आणि दादाला सांग, तुम्ही आलात की एक रविवार सगळ्यांनी मिळून सिटी पार्कला जायचं. पिंटोंच्या तिथे दोन फुलं ठेवा, माझ्याही नावाची. तो लिफ्टमधला अस्कारी अजून कामावर असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा. हिंदीत सांगा, त्याला कळतं.

केळी मात्र पिशवीत झाकून न्या. तिथे माकडं फार आहेत.